टोळीच्या उवा

बीड जिल्ह्यात सोळा दिवस राहून आले असं सांगितलं, की आमच्या स्टाफरूममधले लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी सांगते, "उवा." मग पुढे कुणी काही विचारत नाही. शेजारची खुर्ची मात्र हळूच चार बोटं लांब सरकते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि बीडहून तोडणीची माणसं टोळ्यांनी येतात. त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या गावांतल्या शाळांत बसतात. अशा एका शाळेत मी कार्यक्रमाला गेले होते, तर ही मुलं भिंतीकडेला वेगळी बसवलेली. का, म्हणून विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "उवा हो मॅडम. ही मंडळी बीडहून घेऊन येतात आणि आपल्या पोरांना देऊन जातात." गुरुजी माणूस चांगला. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

"घेऊन येतात की इथूनच घेऊन जातात, हे कुणी पाहिलंय?" मी विचारलं.

"ते कसं पाहणार?" गुरुजी हसले.

पाहता येतं. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्यावरून खाली पडली की दीड-दोन दिवसांत मरते. जन्मभर ती माणसाच्या केसांत राहते आणि एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला तिला डोक्याला डोकं लागावं लागतं. म्हणून तिचा इतिहास आपल्या इतिहासाला चिकटून चालतो. माणसाच्या आणि चिंपांझीच्या पूर्वजांच्या वाटा फुटल्या, तेव्हा दोघांच्या उवांच्याही वाटा फुटल्या. माणूस कपडे घालायला लागला, तेव्हा डोक्यातल्या काही उवा खाली कपड्यांच्या शिवणीत राहायला गेल्या आणि तिथे वेगळ्या झाल्या. हे सगळं त्यांच्या जनुकांत नोंदलेलं आहे. मग बीडची ऊ आणि सांगलीची ऊ यांचं नातं का लागणार नाही? टोळ्या निघायच्या आधी बीडमध्ये उवा गोळा करायच्या, मग हंगामात आमच्याकडे कोप्यांमधून आणि गावातल्या मुलांच्या डोक्यांतूनही करायच्या, असं मी ठरवलं. प्राचार्यांनी चार दिवसांची रजा दिली. दसरा तोंडावर आला होता.

परळी

मिरजेहून रेल्वेने परळी वैजनाथला उतरले. स्टेशनाबाहेरच्या झाडांच्या पानांवर वीजकेंद्राच्या राखेचा करडा थर होता. बोट फिरवलं तर रेघ उमटली. वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि एका गाड्यावर सुशीला खाल्ली. हे नाव ऐकून मी आधी गाडीवाल्याच्या बायकोकडे पाहिलं होतं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, दाणे, हिरवी मिरची यांची फोडणी. आमच्याकडे चुरमुरे म्हटले की भडंग, कोरडे आणि कुरकुरीत. इथे ते पोह्यांसारखे मऊ करून खातात. मला दोन घासांत आवडली आणि मी दुसरी प्लेट घेतली.

दिंद्रुडकडे जाणाऱ्या एसटीत घोटाळा झाला. उवा टिकवायला मी पिशवीत शुद्ध अल्कोहोलच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. खड्ड्यात बस आदळली आणि एकीचं झाकण सुटलं. वास सगळीकडे पसरला. कंडक्टर माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला.

"बाई, ही कशाची बाटली हाय?"

"स्पिरिट आहे. उवा ठेवायला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या लहान लहान कुप्यांकडे पाहिलं. "म्हंजी उवांना पाजायलाव?"

बस हसली. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "आमाला बी उवा समजा की मावशी!" माझा चेहरा लाल झाला, पण बाटली वाचवली. निम्मं अल्कोहोल गेलं होतं, निम्मं उरलं होतं.

वस्ती

दिंद्रुड हे मोठं गाव, बाजाराचं. तिथून आत चार किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तसा शब्द दिला आहे. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा कार्यकर्त्या मंगल मला घ्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, चालताना पुढे आणि बोलतानाही पुढे. कापूस फुटला होता, सोयाबीनची काढणी चालू होती, तूर कमरेएवढी झाली होती. काळ्या जमिनीवर ऑक्टोबरचं ऊन असं पडलं होतं की छत्री उघडल्यावाचून राहवेना. मंगल म्हणाल्या, "छत्री मिटा. बाया म्हनतील पुढारी आला."

सात-आठ बायका एका कडुलिंबाखाली जमल्या. मी फणी काढली, कुप्या मांडल्या, सगळं समजावून सांगितलं. एकीच्या डोक्यातून फणी फिरवली, चार उवा निघाल्या, दोन-तीन केसही आले. मी ते कुपीत टाकलं आणि पेनने चिठ्ठीवर लिहिलं: नाव, वय, गाव. मान वर करून पाहते तो लिंबाखाली बाकी कुणी नव्हतं. जिचे केस होते तिने कुपी माझ्या हातातून घेतली, केस बाहेर काढले, त्यांवर तीनदा थुंकली आणि गुंडाळी करून कमरेला खोचली.

मंगलनी नंतर उलगडा केला. विंचरलेला केस कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही, नाहीतर करणी होते. हे मला माहीत होतं. माझी आजीही केस भिंतीच्या फटीत कोंबायची. "पण केसांवर भांडी देणारे येतात, त्यांना तर देता की," मी म्हटलं.

"त्याला कुटं ठावं असतंय कोन्चा केस कोनाचा? तुमी तर वर नाव लिवायलाव!"

केसासोबत नाव. करणी करणाऱ्याला लागतं ते नेमकं एवढंच, आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहीत होते. तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले की नोंद नसलेला नमुना कचऱ्यात टाका. त्या संध्याकाळी मंगलच्या ओसरीवर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि भाकरी खाताना तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही कुणी फिरकलं नाही. आली ती फक्त छायाबाई, आणि तीही उवा द्यायला नाही, औषध मागायला. पस्तिशीची काटक बाई, मनगटावर उसाच्या पानांचे जुने ओरखडे. सोबत मुलगी रेणुका, दहावीत. केस जेमतेम खांद्याखाली, घट्ट एक वेणी.

प्रकरण असं होतं. छायाबाई आणि तिचा नवरा टोळीतला एक कोयता. तिकडे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. अशा बारा कोयत्यांची ही टोळी. टोळी निघाली की रेणुकाला सहा महिने वसतिगृहात राहायचं. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा नियम, प्रवेशाच्या दिवशी डोकं तपासायचं आणि ऊ किंवा लीख सापडली की केस कानापर्यंत कापायचे. गेल्या वर्षी कापले होते. "आमच्यात बाईचे केस कवा कापत्यात म्हाईत हाय ना?" छायाबाई म्हणाली. "पोरगी घरी आली तर सासू रडाया लागली. औंदा कात्री लागली तर मी तिला सरळ ट्रकात घालून घेऊन जानार. मंग ऱ्हायली दहावी."

"मी येनार न्हाई," रेणुका म्हणाली.

"मंग काप केस."

"केस बी कापनार न्हाई. केस बी ठेवीन आन परीक्षा बी देईन."

मायलेकी दोघी एकाच सुरात हट्टी. मला फार बरं वाटलं; आमच्या घरी मला असंच म्हणायचे.

दुकानातलं औषध चार वेळा लावून झालं होतं. मी रेणुकाचा भांग पाडून पाहिलं, उवा दिवसाढवळ्या फिरत होत्या. मी तिला सांगितलं की हे औषध उवेच्या मज्जातंतूवर मारा करतं. पण हजारो उवांत एखादीचं जनुक एका अक्षराने वेगळं असतं आणि औषध तिला चिकटतच नाही. बाकीच्या मरतात, ती राहते आणि तिचीच पिलावळ वाढते.

रेणुकाने भांगातली एक ऊ नखावर घेतली. "म्हंजी आमी औषध लावून लावून तसल्याच निवडून ठिवल्या?"

"अगदी बरोबर." एम.एस्सी.च्या वर्गात हे समजवायला मला दोन तास लागतात.

औषधावाचूनचा उपाय आहे, पण तो चिकाटीचा. केस चिंब ओले करायचे, तेल-शिकेकाई काही चालेल, आणि बारीक दातांच्या धातूच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं, दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे. लिखेतून पिल्लू निघायला आठवडाभर लागतो आणि त्या पिल्लाला अंडी घालायला आणखी आठ-दहा दिवस. तिसऱ्या दिवशी फणी फिरत राहिली की एकाही पिल्लाला आई होता येत नाही. टोळी निघायला तेव्हा बरोबर दोन आठवडे होते.

माझी रजा संपायला दोन दिवस होते. मी प्राचार्यांना फोन केला आणि काय बोलले ते इथे लिहीत नाही. रजा वाढली.

पण छायाबाई अडून बसली. विंचरलेले केस कुणापुढे जाणार? माझ्यापुढे. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तिची कोण लागत होते? तेवढ्यात माझा हात डोक्याकडे गेला. सकाळपासून जात होता. मंगलने पाहिलं आणि ती ओरडलीच, "अगं बया, म्याडमला बी घावल्या!" दोन रात्री मी मंगलच्या मुलींच्या शेजारी झोपत होते. उवांचा अभ्यास करणाऱ्या बाईला उवा झाल्या ही बातमी वस्तीत पोचायला पाच मिनिटं लागली. लिंबाखाली पुन्हा सगळ्या जमल्या.

मला त्यांनी पाटावर बसवलं. छायाबाईने माझे पिकलेले केस सोडले आणि फणी घेतली. बारा-पंधरा निघाल्या. फणीत केसांचा पुंजकाही आला. तो ती परत माझ्या हातात द्यायला लागली, तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "तुमच्याकडेच ठेवा. माझं नाव सुनंदा. माझ्या आईचं नाव कृष्णाबाई." करणीला आईचं नावही लागतं, हे मी आजीकडून ऐकलं होतं.

छायाबाईने तो पुंजका कितीतरी वेळ हातात धरला. मग तिने तो गुंडाळला आणि घराच्या भिंतीच्या फटीत, तिच्या स्वतःच्या केसांशेजारी, कोंबला. "बगा म्याडम," ती म्हणाली, "आता तुमी आमच्या हातात हाव."

"म्हणून तर दिले," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी कुप्यांवर नावं लिहिली नाहीत, फक्त आकडे. केस ज्याचे त्याने परत घ्यायचे, उवा माझ्या. मंगलसोबत आसपासच्या गावांतही फिरले आणि गावागणिक कुप्यांचा वेगळा खण केला.

कपिलधार

दुसऱ्या विंचरणीच्या दिवशी छायाबाईला कपिलधारला, धबधब्याजवळच्या देवस्थानी, जायचं होतं. टोळी निघण्याआधी ती दरवर्षी जाते. एक जीप ठरली आणि आम्ही आठ बायका दाटीवाटीने निघालो. बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळं पिकली होती आणि रस्त्याकडेला टोपल्या मांडून पोरीबाळी बसल्या होत्या. जीपमध्ये सीताफळ खाण्याची इथली रीत अशी की बिया मुठीत जमवायच्या आणि उतरल्यावर मातीत टाकायच्या. मी खिडकीतून थुंकले तर मागे बसलेल्या आजीने माझ्या पाठीत चापट मारली.

पावसाळा नुकताच सरला होता, धबधब्याला चांगलं पाणी होतं. वरून पडणारी धार खालच्या कुंडात आवाज करत होती. दर्शन झालं, बायका कडेला भिजल्या. ऊ पाण्यात बुडली की श्वासाची भोकं मिटून घेते आणि निपचित राहते, म्हणून ओल्या केसांत ती पळत नाही. मी हे सांगितलं आणि मंगलने लगेच फणी काढली. रेणुकाला खडकावर बसवून आम्ही सुरुवात केली.

एक सद्गृहस्थ थांबले. "अहो, देवाच्या दारात उवा काढता?"

छायाबाईने मानही वर केली नाही. "देवाला डोक्यातल्या दिसत न्हाईत व्हय? घरून संगंच आल्या की दर्शनाला."

गृहस्थ गेले. रेणुकाने वाकलेल्या मानेनेच मला विचारलं, "शेळीच्या उवा आमाला कावून चढत न्हाईत? मी तर करडांसंगं झोपते."

मी भिंग काढून तिला तिच्याच उवेचा पाय दाखवला. टोकाला एक आकडी, समोर अंगठ्यासारखा उंचवटा, आणि दोन्हींच्या मध्ये माणसाचा केस नेमका बसेल एवढी फट. शेळीचा केस वेगळ्या जाडीचा, म्हणून शेळीच्या उवेची पकड वेगळी. तिने भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. "आमच्याच मापाची करून घेतली म्हना तिनं," ती म्हणाली. नंतर भिंग तिने परत दिलंच नाही आणि मीही मागितलं नाही.

पुन्हा वस्ती

नवव्या दिवशी मला माझी चूक कळली. रेणुकाचं डोकं तिसऱ्यांदा विंचरलं. मी निर्धास्त होते, दोनदा स्वच्छ फणी फिरली होती. पांढऱ्या फडक्यावर चार उवा पडल्या, चांगल्या भरलेल्या, मोठ्या. तीन दिवसांत पिल्लू एवढं वाढत नाही. या तिच्या डोक्यात जन्मलेल्या नव्हत्या, आलेल्या होत्या. छायाबाईने एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंथरुणाकडे. मायलेकी एका वाकळीत झोपत होत्या.

मला स्वतःचा भयंकर राग आला. एवढा अभ्यास करून मी एकच डोकं धुवत बसले होते. टोळी सात दिवसांवर आली होती.

"मला कोनाकडून आल्या असत्याल?" छायाबाई म्हणाली आणि मग माझ्या हातातल्या कुप्यांकडे बघत तीच बोलली, "म्याडम, तुमी गावागावाचे खण पाडलेत ह्यात. उवा गावाच्या नसत्यात बाई, टोळीच्या असत्यात. कोपीत आमी बारा जनी एका लायनीत निजतो. हितं आलो तरी बाजारात, लग्नात, विहिरीवर एकमेकीच्याच डोक्यात हात."

मी पिशवीतल्या सगळ्या कुप्या जमिनीवर ओतल्या. गावांप्रमाणे लावलेले आकडे पुसले आणि मुकादमांच्या टोळ्यांप्रमाणे नव्याने लावले. ज्या प्रश्नासाठी मी सांगलीहून आले होते त्याची मांडणीच बदलली. बीडच्या उवा की सांगलीच्या, असं विचारणंच चुकीचं होतं. शेजारी कोण झोपतं, हे विचारायला हवं होतं. निकाल अजून यायचे आहेत. पण प्रश्न तरी आता नीट आहे.

दुसऱ्या दिवशी मंगलने बाराही बायकांना निरोप धाडले. काही वस्तीवरच्या, काही दिंद्रुडच्या, दोघी आणखी लांबच्या. हौदाजवळ रांग लागली. एकीच्या मागे एक बसली, प्रत्येकीच्या हातात पुढचीचं डोकं. फण्या माझ्याकडे तीनच होत्या; त्या उकळत्या पाण्यात घालून फिरत राहिल्या. दुपारपर्यंत पाठी मोडल्या. टोळी नेणारा मुकादम मोटरसायकलवरून आला, रांग पाहून थांबला आणि छायाबाईच्या नवऱ्याला म्हणाला, "तुझी बायको डोकं धुवायलीय का कारखाना काढायलीय बे?"

नवरा म्हणाला, "तूच इचार की. मी न्हाई जात मधी."

मुकादमाने विचारलं नाही.

त्या दिवसापासून रेणुका मंगलकडे वेगळ्या अंथरुणावर झोपली. पुढे सहा महिने मायलेकींची ताटातूट होणारच होती. त्यातला आठवडा मी आधीच कापून घेतला. संध्याकाळी जेवण झाल्यावर छायाबाई मंगलच्या दारात यायची, हातभर लांब बसायची आणि मुलीला नुसती बघून जायची. ते पाहताना मला अपराधी वाटायचं. तरी मी नियम ढिला केला नाही, आणि तिनेही करू दिला नाही.

बाराव्या दिवशी रेणुकाच्या फडक्यावर एक पिल्लू पडलं. पंधराव्या दिवशी काही नाही.

वसतिगृह

सोळाव्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रक वसतिगृहाबाहेर उभा राहिला. आत भांडी, वाकळी, दोन शेळ्या आणि माणसं. छायाबाई फाटकापाशी थांबली. तिचा शब्द कायम होता. कात्री लागली की पेटी उचलून ट्रकात.

व्हरांड्यात रेक्टरबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चापूनचोपून नेसलेल्या. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, हातात फणी, मांडीवर कात्री. कागदावर तीन मुलींचे केस पडले होते आणि त्या तिघी खांबाशी तोंड लपवून उभ्या होत्या. मागे वीसेक मुलींची रांग, पेट्या घेऊन. मी पुढे व्हायला लागले तर रेणुकाने मला हाताने मागे सारलं. "तुमी बोलू नका म्याडम."

रेक्टरबाईंनी तिची वेणी सोडली. एक बट, दुसरी बट. तिसऱ्या बटेला थांबल्या. "ही बघ. लीख."

छायाबाईने फाटकाची कडी काढली.

"लीख न्हाई बाई, टरफल हाय," रेणुका म्हणाली. "जित्ती लीख कातडीला लागून असती आन मातकट दिसती. ही पांढरी हाय आन कातडीपासून दोन बोटं लांब. केस महिन्याला बोटभर बी वाढत न्हाई. म्हंजी ही आखाडातली. कवाच फुटून गेली." तिने कमरेचं भिंग काढून पुढे धरलं. "झाकन उघडं हाय का न्हाई, तुमीच बगा."

रेक्टरबाईंनी भिंग घेतलं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. बाईंनी बघितलं, परत बघितलं. मग बादलीतलं पाणी मागवून सगळे केस ओले केले आणि मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवली, पाच वेळा, दर वेळी पदरावर पुसून. पदर कोरा राहिला.

"जा आत," त्या म्हणाल्या.

छायाबाई आत आली नाही. फाटकातूनच ओरडली, "दर तिसऱ्या दिशी! ऐकलं का? आन तुज्या डोक्यात बगील कोन गं?" एवढंच म्हणून तिने पदर तोंडावर ओढला आणि ट्रककडे पळाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत रेणुका उभी राहिली. मग पेटी भिंतीकडेला ठेवून ती पायरीवर बसली आणि रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणाली, "ये. बस हितं पुढं."

"हे काय चाललंय?" रेक्टरबाई म्हणाल्या.

"कात्री नको बाई. मी इंचरते."

"एवढ्या सगळ्यांचं? किती वेळ लागंल कळतंय का?"

"लागू द्या. मी शिकवते, मंग त्या एकमेकीचं बगतील. दर तिसऱ्या दिशी."

मी माझ्या तिन्ही फण्या तिच्याजवळ ठेवल्या. तिने पहिलीला दाखवलं, पहिलीने दुसरीचे केस हातात घेतले. कापलेल्या केसांच्या तिघीही खांबामागून आल्या आणि साखळीत बसल्या. ओल्या केसांचं पाणी पायऱ्यांवरून ओघळत होतं. मग रेक्टरबाई उठल्या, कात्री खुर्चीवर ठेवली आणि येऊन साखळीच्या टोकाला, सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या.

"आधी ते फाटक ओढून घ्या कुणीतरी," त्या म्हणाल्या, आणि अंबाड्याचे आकडे काढायला लागल्या.